दोन रव्यांची वजनं एकात का मिसळतात?

प्रश्न : मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. दुकानातल्या लिनक्सवर मी दोन प्रोग्राम लिहिलेत. एक काट्यावरून वजन घेतो, दुसरा पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद, करतो. दोघांत युनिक्स डोमेन स्ट्रीम सॉकेट आहे, म्हणजे एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्राममधली जोडणी. हमाल भराभर रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, काट्यावर टाकायला लागले की ३०.२ आणि २९.८ ऐवजी ३०.२२९.८ उमटतं. मध्ये स्लीप, म्हणजे क्षणभर थांबायची आज्ञा, टाकली, तरी कधीमधी होतंच. शिवाय लाईट जाऊन आली की पट्टीचा प्रोग्राम उठत नाही, पत्ता वापरात आहे म्हणतो. त्याऐवजी नेटवर्कवरची टीसीपी जोडणी वापरू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टीसीपीनं काही फरक पडणार नाही, कारण तोही स्ट्रीमच आहे. स्ट्रीम सॉकेट बाइट क्रमानं पोचवतो, पण एक निरोप कुठं संपला हे सांगत नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत सॉकेट आले तेव्हापासून हे असंच आहे. दोनदा राइट केलेलं (पाठवलेलं) एकाच रीडमध्ये (वाचण्यात) येऊ शकतं, आणि एकदा राइट केलेलं दोन रीडमध्ये तुटूही शकतं.

मला काळजी या दुसऱ्या प्रकाराची वाटते. ३०.२२९.८ दिसलं की चूक लगेच कळते. पण आधी नुसते ३ आले आणि प्रोग्रामनं तेवढंच वजन धरलं, तर तीस किलोचा रवा तीन किलोचा होतो आणि पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाते. ती स्लीप आजच काढून टाका. तिनं चूक फक्त क्वचित होते, बंद होत नाही.

प्रत्येक वजनानंतर नवी ओळ, म्हणजे बॅकस्लॅश एन, पाठवा. घेणाऱ्या बाजूला एक बफर, म्हणजे आलेलं तात्पुरतं साठवायची जागा, ठेवा. रीडमधून जे येईल ते त्याच्या शेपटाला जोडा, नवी ओळ सापडेल तिथवर कापून वजन घ्या आणि उरलेलं तसंच ठेवा. एका रीडमध्ये तीन ओळी येतील, म्हणून हे कापणं लूपमध्ये हवं. रीडनं शून्य दिलं म्हणजे पलीकडच्यानं सॉकेट बंद केला. तेव्हा बफरात अर्धवट आकडा असेल तर तो पट्टीत घेऊ नका, फेरवजन मागा. सेकपॅकेट (SOCK_SEQPACKET) जातीचा सॉकेट निरोप वेगळे ठेवतो, पण मी ओळीच पसंत करीन. नेटकॅट हा सॉकेटला हातानं मजकूर पाठवायचा प्रोग्राम लावून डोळ्यांनी तपासता येतात. मुद्दाम '३०.' पाठवा, थोडं थांबा, मग '२' आणि एंटर. पट्टीवर ३०.२ एकदाच आलं पाहिजे.

आता लाईटचं. बाइंड केलं, म्हणजे सॉकेटला पत्ता दिला, की डिस्कवर सॉकेटची फाइल तयार होते आणि प्रोग्राम मेला तरी ती तिथंच राहते. बाइंडआधी अनलिंक करा, म्हणजे ती फाइल काढून टाका, हा सल्ला सगळीकडे मिळेल, पण डोळे झाकून करू नका. पहिला प्रोग्राम चालू असताना कुणी दुसऱ्यांदा सुरू केला, तर पहिल्याची फाइल उडेल आणि नवी जोडणी त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. आधी कनेक्ट करून बघा. कुणी जोडणी घेतली तर गुपचूप बाहेर पडा, नकार आला तरच फाइल काढा. फाइल 'रन' फोल्डरमध्ये ठेवलीत तर मशीन सुरू होताना ती आपोआप गेलेली असते.

फोल्डरचं नाव मराठीत असेल तर एक ध्यानात ठेवा. लिनक्सवर सॉकेट फाइलच्या मार्गाला (पाथला) १०८ बाइटच मिळतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं.