फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यापासून ड्रोन हवेत डोलतो, लॉइटरमध्ये (एका जागी थांबायच्या मोडमध्ये) गोल फिरतो. जुनं फर्मवेअर परत टाकू का?

नका टाकू. पॅरामीटरची, म्हणजे सेटिंगच्या आकड्यांची, आणखी सरमिसळ होईल आणि खरं कारण झाकलं जाईल. आधी एवढंच बघा: स्टॅबिलाइझमध्ये (जागा धरून न ठेवणाऱ्या, हातानं उडवायच्या मोडमध्ये) नीट उडतो आणि लॉइटरला टाकला की घेरा वाढवत गोल फिरतो, तर कंपासवर संशय घ्या. स्टॅबिलाइझमध्येही डोलत असेल तर पीआयडी (तोल सावरायचे आकडे), कंपनं नाहीतर मोटरी.

"अपडेटनं ड्रोन बिघडला" हे मी घरात दोन वर्षं ऐकतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची केळी चोपडा तालुक्यात, तापीकाठी. करपा आला की पाठीवरच्या पंपाचा फवारा वरच्या पानांपर्यंत पोचत नाही, म्हणून मी पिक्सहॉक या कंट्रोल बोर्डावर १० लिटरचा हेक्सा (सहा पंख्यांचा ड्रोन) स्वतः जुळवला. ऑगस्टात उघडीप मिळाली आणि शेजारच्या गावातल्या एका बागाईतदाराचं ६ एकराचं काम ठरलं. आदल्या रात्री फर्मवेअर अपडेट केलं, पॅरामीटर फाईल जतन केली. सकाळी खळ्यात कंपास कॅलिब्रेट करून साध्या पाण्यावर उडवला. जागचा हलला नाही. मग मी बॅटऱ्या आणायला घरात गेलो. तेवढ्यात थोरल्या चुलतभावांनी, "माझी फाईल चालते, तीच बरी" असं ठरवून त्यांच्या मशीनची अख्खी पॅरामीटर फाईल माझ्या बोर्डात लोड केली. मला सांगितलंही नाही.

बागेवर टाकी भरून उचलला तर पाळण्यासारखा झुलायला लागला. लॉइटरला टाकला तर घेरे घेत थेट केळीच्या ओळीत. दोन पंखे आणि एक आर्म (पंख्याची दांडी) गेला. दादा चारचौघांत म्हणाले, "तुना लॅपटॉपनी वाट लाई दिनी." काम दुसऱ्याला गेलं. मलाही वाटलं, माझंच चुकलं. पंखे आणि आर्म तर बसवलेच, शिवाय दोन मोटरी आणि एक ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बदलला, तरी तेच.

शेवटी मिशन प्लॅनर या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी जतन केलेली फाईल बोर्डातल्या पॅरामीटरशी ताडून पाहिली. कंपासचे ऑफसेट (दुरुस्तीचे आकडे) त्यांचे. पीआयडी त्यांच्या १६ लिटरच्या, मोठ्या पंख्यांच्या मशीनचे. आणि आर्मिंग चेक शून्यावर! कंपासमध्ये खोट दिसली तर मशीनला जमिनीवरच अडवणारा तो चेक, आणि दादांनी तो बंद करून ठेवलेला, का तर "सारखं आर्म होत नाही", म्हणजे मोटरी सुरू होऊ देत नाही. माझी फाईल परत टाकली, विहिरीची मोटर आणि लोखंडी पाइप यांच्यापासून लांब जाऊन कंपास पुन्हा कॅलिब्रेट केला. त्याच संध्याकाळी मशीन सरळ उडालं. फर्मवेअर तेच, नवीन.

तेव्हा तुम्ही दुसऱ्याची फाईल टाकली असेल तर आधी ती काढा. स्वतःची जुनी फाईलसुद्धा डोळे झाकून लोड करू नका, ताडून बघा आणि लागेल तेवढंच घ्या. लॉगमध्ये (उड्डाणाच्या नोंदीत) कंपनं ३० मी/से² च्या आत हवीत. ६० च्या वर गेली तर पीआयडीला हात लावू नका, आधी पंखे, आर्मचे स्क्रू आणि बोर्डाखालचा फोम बघा. पहिलं उड्डाण रिकाम्या टाकीनं, दुसरं पाण्यानं, औषध त्यानंतरच.

हे सगळं अर्डूपायलट या फर्मवेअरचं. बीटाफ्लाइट हे दुसरं फर्मवेअर असेल तर जुन्या आवृत्तीचा डंप (सगळ्या सेटिंगची यादी) नव्यात जसाच्या तसा चिकटवू नका, सेटिंग नव्यानं भरा. आणि ड्रोन टाइप सर्टिफिकेटचा (सरकारी मान्यता मिळालेल्या मॉडेलचा) असेल तर फर्मवेअर स्वतः बदलूच नका, ते उत्पादकाचं काम. नव्या आवृत्तीत खरंच काही बदलतं, हेही मान्य: अर्डूपायलटच्या कॉप्टर ४.१ पासून ईकेएफ३ (ड्रोनची जागा आणि कल ठरवणारं गणित) डिफॉल्ट झालं. पण ते अपडेटच्या टिपणात लिहिलेलं असतं, वाचून घ्यावं.

दादांच्या मशीनमध्ये तो चेक आजही शून्यावर आहे. ते फवारायला लागले की मी माझ्या मुलाला बांधावरून घरी आणतो.