फोन सारखा 'स्टोरेज फुल' म्हणतो, जास्त जीबीचा नवा घ्यावा का?

64 जीबीचा फोन भरलाय, गॅलरीत हजारो फोटो आहेत, एकेक बघून डिलीट करायला बसलं की कंटाळा येतो, मग सरळ 128 चा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात नका घेऊ. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, नवा फोन घेतलात तर फायदा माझाच, तरी सांगतो. जुन्यातला सगळा कचरा नव्यात कॉपी होणार, आणि तोही भरणार.

गॅलरीपासून सुरुवात करू नका. आपण काढलेल्या फोटोवर हात थांबतोच, त्यात रविवार जातो आणि जागा होत नाही. आधी लोकांनी पाठवलेलं काढा. गल्लीचा ग्रुप, युवक मंडळ, भजनी मंडळ, दहावीची बॅच, भावकी. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक दहा जण दहा कोपऱ्यांतून शूट करतात आणि ते सगळं तुमच्या फोनमध्ये येऊन पडतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. 5 एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि बऱ्याचदा फॉरवर्ड झालेलं, असे दोन गठ्ठे तिथे वेगळे काढून ठेवलेले असतात. फॉरवर्डचा गठ्ठा न बघता उडवा. मोठ्या फायलींवर मात्र एक नजर टाका, त्यात घरच्या लग्नाचा व्हिडिओ असू शकतो.

मग लगेच त्याच 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. मोबाईल डेटा, वायफाय, रोमिंग, तिन्हीकडचे टिकमार्क काढा. हे केलं नाहीत तर वरची मेहनत पुढच्या गणपतीपर्यंतसुद्धा टिकणार नाही. 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करून भागत नाही. त्याने नवे फोटो गॅलरीत दिसत नाहीत एवढंच, फोनमध्ये ते असतातच.

आता कागदपत्रं. जागेपेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो. दुकानात झेरॉक्सही आहे, त्यामुळे रोज बघतो. नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत, दाखल्यासाठी जमिनीचा उतारा मागितलेला असतो, काका प्रिंट काढायला येतात, "हाय की हो ह्यातच, जरा थांबा" म्हणत गुड मॉर्निंगची फुलं वर सरकवत राहतात, आणि शेवटी पुन्हा नवीन उतारा डाउनलोड करतात. डाउनलोड्समध्ये बघितलं तर तोच उतारा कंसात 1, 2, 3 आकडे लागून पडलेला. आपल्याकडे कर्नाटकात उतारा कन्नडमध्ये असतो आणि फाईलचं नाव म्हणजे नुसते आकडे, म्हणून सर्चमध्ये मराठीत 'उतारा' टाकून काही सापडत नाही. फाईलवर बोट दाबून धरा, 'रिनेम' करा, 'उतारा वरचं शेत' असं तुम्हाला आठवेल ते नाव द्या. 'कागदपत्रं' नावाचा एक फोल्डर करून सगळं त्यात टाका, जुन्या प्रती काढून टाका. आधार आणि लायसन्सचे फोटो साठवूच नका. डिजीलॉकर या सरकारी अ‍ॅपमधली प्रत मूळ कागदासारखीच ग्राह्य धरतात.

गुगल फोटोज वापरत असाल तर एक सांभाळा. बॅकअप चालू असताना त्या अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही, म्हणजे गुगलकडच्या ऑनलाइन साठ्यातूनही जातो. फोन फक्त हलका करायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा, त्याने फोनमधली प्रत जाते आणि बॅकअप राहतो. पण गुगलची फुकट जागा 15 जीबीच, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांना मिळून. 1 जून 2021 पासून कमी क्वालिटीचे फोटोही त्यातच मोजतात, आता तर अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा. त्यामुळे ग्रुपचा कचरा आधी काढलात तर बॅकअपही आपोआप लहान होतो.

"डिलीट केलं तरी जागा होईना" म्हणून येणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये गुगल फोटोजचा ट्रॅश, म्हणजे डिलीट केलेल्या फोटोंची टोपली, भरलेला असतो. बॅकअप झालेले फोटो तिथे 60 दिवस राहतात, न झालेले 30. तोही रिकामा करा.

वापरात नसलेली अ‍ॅप्स काढायची हे तुम्हाला ठाऊक असेलच.

एवढं करून महिनाभर वापरून बघा. तरीही जागा पुरत नसेल तर खुशाल नवा फोन घ्या. मात्र दुकानदाराला 'सगळं ट्रान्सफर करा' म्हणू नका; कॉन्टॅक्ट, स्वतः काढलेले फोटो आणि तो 'कागदपत्रं' फोल्डर, एवढंच न्यायला सांगा.