धर्मगुरू होण्याच्या शिक्षणासाठी, सेमिनरीत, घरापासून खूप लांब जातोय. घरची आठवण आली तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय, प्रवास दोन दिवसांचा आहे, तिकडची भाषा येत नाही आणि घरी आई एकटीच आहे.

आठवण येणारच. पहिले दोन-तीन महिने जास्त, त्यातही रविवारी दुपारी. एरवी प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), वर्ग, मैदान, अभ्यास असा सगळा दिवस घंटेवर चालतो. रविवारी दुपारी घंटा नसते. तेव्हा खोलीत पडून राहू नका, कोणाबरोबर तरी चालायला जा. याहून जास्त औषध माझ्याकडे नाही.

मला टोचलं ते तुमचं शेवटचं वाक्य. ‘सगळ्यांनी एवढ्या मानाने निरोप दिलाय, आता परत येऊन चालणार नाही.’

मी एकोणीस वर्षांचा असताना मलाही असाच निरोप मिळाला. फादरांनी मिस्सानंतर वेदीजवळ बोलावलं, सगळ्यांनी माझ्यासाठी हात उंचावून प्रार्थना केली. बाहेर काकांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “देवाला शब्द दिलास. आता माघार नाही.” आई काहीच बोलली नाही.

घरच्या आठवणीने मी चार महिने तळमळलो. मग ती हळूहळू ओसरली, भाषा कळायला लागली, मित्र झाले, तत्त्वज्ञानाचे वर्ग तर मनापासून आवडले. आणि मन शांत झाल्यावरच खरी गोष्ट दिसली. पहिल्या वर्षाच्या शेवटी आम्हाला धर्मगुरूपदाच्या एका दीक्षाविधीला नेलं होतं. उमेदवार वेदीसमोर पालथे पडले होते, संतांची आळवणी चालू होती. माझ्या शेजारचा मित्र रडत होता. त्याला तिथे स्वतःला बघता येत होतं. मी कितीही प्रयत्न केला तरी मला तिथे मी दिसेना.

हे मी पुढे दीड वर्ष कोणालाच सांगितलं नाही. आध्यात्मिक मार्गदर्शकांनाही नाही. ते रेक्टरांना, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखांना, सांगतील, मला घरी पाठवतील आणि काका दारात उभे असतील, ही भीती. खरं तर दीक्षा द्यायची की नाही, किंवा विद्यार्थ्याला काढायचं का, हे ठरवताना मार्गदर्शकाचं आणि कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंचं मत कधीच विचारायचं नसतं. चर्चच्या कायद्यात, कॅनन २४० मध्ये, तसं स्पष्ट लिहिलंय. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! तुम्ही पहिल्याच भेटीत मार्गदर्शकांशी खरं बोला. रविवार दुपारचंसुद्धा.

शेवटी एकदा बोललो. त्यांनी एवढंच विचारलं, “मग इथे कोणासाठी राहिलायस?” माझ्या तोंडून निघालं, “काकांसाठी.”

तिसऱ्या वर्षी मी परत आलो. काका म्हणाले, “देवाला फसवलंस.” त्यानंतर अकरा वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

काका, मी कोणालाही फसवलं नव्हतं. सेमिनरीत पाऊल टाकताना कोणी आजन्म शब्द देत नाही. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास असतो. ब्रह्मचर्याचं वचन आणि महागुरुस्वामींच्या (बिशपांच्या) आज्ञेत राहण्याचं वचन डीकनपदाच्या, म्हणजे धर्मगुरूपदाच्या आधीच्या पायरीच्या, दीक्षेच्या वेळी द्यायचं असतं, तेही पाचव्या वर्षाचा अभ्यास झाल्यावर आणि वयाची २३ वर्षं पूर्ण झाल्यावर. तोपर्यंतचा काळ दोन्ही बाजूंनी पारखायचा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये सेमिनरीसाठी ‘सेमिनारियम’ हा लॅटिन शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थच रोपवाटिका. २०१६ च्या रोमच्या मार्गदर्शक नियमांनी तर तत्त्वज्ञानाच्या आधी एक ते दोन वर्षांचा पूर्वतयारीचा टप्पा सक्तीचा केला, पाचारण, म्हणजे देवाची हाक, नीट ओळखता यावं म्हणूनच. चर्च इतका वेळ देतं आणि आपली माणसं निरोपाच्या दिवशीच निकाल लावून मोकळी होतात, याचा मला अजूनही राग येतो.

म्हणून निघण्यापूर्वी आईला आणि मान देणाऱ्या सगळ्यांना स्वच्छ शब्दांत सांगा, ‘मी पारखायला चाललोय.’ आतापासूनच कोणी फादर म्हणत असेल तर थांबवा.

लगेच परत या, असं मी म्हणत नाही. पहिल्या तीन महिन्यांत, आठवणीच्या भरात, कोणताच निर्णय घेऊ नका. माझ्या शेजारी रडणारा तो मित्र पहिल्या महिन्यात रोज सामान बांधायचा. आज तो धर्मगुरू आहे, माझ्या मुलीचा बाप्तिस्मा त्यानेच केला. आणि हे सगळं धर्मप्रांताच्या कॅथोलिक सेमिनरीबद्दल. संन्यस्त संघात जाणार असाल तर नोव्हिशिएट (संघातला उमेदवारीचा काळ) आणि तात्पुरती व्रतं आधी येतात, तिथला हिशेब वेगळा.

आईचं राहिलंच. फोन कधी करता येतो आणि पहिली सुट्टी कधी, हे रेक्टरांना आत्ताच पत्र लिहून विचारा. उत्तर आलं की तिला वाचून दाखवा आणि ते पत्र तिच्याकडेच ठेवा.