संसदेत प्रश्न विचारून होतं काय? वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

प्रश्न: आमचे खासदार विरोधी पक्षात आहेत. दर अधिवेशन संपलं की चौकात फ्लेक्स लागतो, संसदेत एवढे एवढे प्रश्न विचारले म्हणून. पण सरकार काही ऐकत नाही, बिलं आहेत तशी पास होतात. मग ह्या प्रश्नांचा उपयोग तरी काय?
(एक वाचक, ईमेलने)

तुमचा वैताग कळतो मला. पण बहुमत सरकारकडे असतं, त्यामुळे विरोधी खासदार उभा राहिला आणि बिल पडलं असं होणारच नाहीये, ती अपेक्षा आपण सोडून देऊ. त्याच्या हातात जे आहे ते वेगळं आहे. मंत्र्याकडून लेखी उत्तर काढून घेणं. मंत्री सभेत काय बोलला, चॅनलवर काय बोलला ते दुसऱ्या दिवशी फिरवता येतं, सभागृहाच्या पटलावर आलेलं उत्तर फिरवता येत नाही, ते रेकॉर्डवर राहतं आणि वीस वर्षांनीही कोणीही उघडून वाचू शकतं.

एक उदाहरण देतो, मला हे कायम आठवतं. सप्टेंबर 2020 चं पावसाळी अधिवेशन. कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, म्हणजे मंत्र्याला समोरासमोर विचारायची सोय नाही, फक्त लेखी उत्तरं मिळणार. पहिल्याच दिवशी, 14 सप्टेंबरला, लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले ह्यावर कामगार मंत्रालयाचं उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, आणि आकडेवारीच नाही म्हटल्यावर नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. आपण सगळ्यांनी ती माणसं रस्त्याने चालताना पाहिली होती, पोरं कडेवर घेऊन, आणि कागदावर त्यांची नोंदच नाही! पण त्याच अधिवेशनात राज्यसभेत तृणमूलच्या डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांचं उत्तर आलं, राज्यांच्या पोलिसांकडून मिळालेल्या माहितीनुसार 9 सप्टेंबरपर्यंत श्रमिक स्पेशल गाड्यांमध्ये 97 जणांचा मृत्यू झाला. विषय तोच, सरकार तेच, पण मंत्रालय दुसरं आणि प्रश्न नेमका, त्यामुळे आकडा बाहेर आला. 97 हा काही पूर्ण आकडा नाही, गाडीत न बसता वाटेतच गेलेले त्यात नाहीत, पण तेवढे तरी आज सरकारनेच मान्य केलेले आहेत. आणि 'आकडेवारी नाही' हे उत्तरसुद्धा लेखी आलं हे मी कमी समजत नाही, कारण त्यानंतर कोणी म्हणू शकत नाही की आम्ही सगळी नोंद घेतली होती.

प्रश्न: फ्लेक्सवरचा आकडा बघून खासदार चांगला की वाईट हे ठरवता येतं का?
(एक वाचक, जो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो)

नाही. मी तरुणपणी दिल्लीत एका खासदारांच्या ऑफिसात काम केलंय, प्रश्नांचे मसुदे लिहायचं काम, म्हणून ठामपणे सांगतो.

आधी थोडं तांत्रिक. लोकसभेत एका दिवसाला 20 तारांकित प्रश्न असतात, ज्यांचं तोंडी उत्तर मिळतं आणि त्या उत्तरावर लगेच पुढचा, म्हणजे पुरवणी प्रश्नही विचारता येतो, आणि 230 अतारांकित, ज्यांचं फक्त लेखी उत्तर येतं. नोटीस किमान 15 दिवस आधी द्यायची, प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला, नंबर लागतो तो बॅलटने, म्हणजे सोडत काढून. एका खासदाराचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न लागू शकतो. आणि तासाभरात सगळे 20 क्वचितच होतात, पहिले चार-सहा झाले तरी पुष्कळ, म्हणजे नंबर खाली लागला की तोंडी विचारायची संधी गेलीच.

आता खरी गोष्ट मसुद्याची. समजा विषय जलजीवन मिशनचा आहे. 2019 साली योजना सुरू झाली, ग्रामीण भागात प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी. तुम्ही विचारलंत की महाराष्ट्रात किती घरांना नळजोडणी दिली, तर मंत्रालय खूश होऊन मोठा आकडा देणार, तो आकडा फ्लेक्सवर जाणार, आणि बाई हंडा घेऊन विहिरीवरच. तोच प्रश्न असा लिहा: (अ) अमुक तारखेपर्यंत जोडणी दिलेल्या घरांपैकी किती घरांत माणशी 55 लिटर पाणी रोज पोचतं, (ब) हे शेवटचं कधी तपासलं आणि कोणी, (क) जिल्हावार माहिती. आता उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला शोधाशोध करावी लागते. तरी पळवाट असतेच, 'पाणी हा राज्याचा विषय आहे' हे वाक्य त्यांच्याकडे तयारच असतं. म्हणून आमचे साहेब सांगायचे की केंद्राने किती पैसे दिले आणि ते देताना कोणती अट तपासली ते विचार, पैसा केंद्राचा आहे ना, मग तिथे राज्याचा विषय म्हणून सुटता येत नाही.

माझा पहिला मसुदा त्यांनी परत केला होता. मी लिहिलं होतं, 'सरकार या प्रश्नाबाबत गंभीर आहे काय?' त्यांनी पेनने त्याच्यावर काट मारली आणि म्हणाले, अरे ह्याचं उत्तर 'होय, महोदय' असं येणार, मग आपण काय करायचं त्याचं? तेव्हापासून मी प्रश्न लिहिला की आधी त्याचं सगळ्यात आळशी उत्तर काय येईल ते स्वतःच लिहून बघायचो. ते उत्तर एका ओळीत संपत असेल तर मसुदा फाडायचा.

म्हणून आकडा बघू नका, पाठपुरावा बघा. मंत्री सभागृहात 'माहिती गोळा केली जात आहे' म्हणाला की ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर नजर ठेवायला संसदेची आश्वासन समिती आहे. तुमच्या खासदाराने पुढच्या अधिवेशनात त्याच विषयावर परत विचारलं का, उत्तर अपुरं वाटल्यावर अर्धा तास चर्चा मागितली का? संसदेच्या वेबसाइटवर खासदाराचं नाव आणि मंत्रालय टाकलं की सगळे प्रश्न उत्तरांसकट निघतात, हिंदी-इंग्रजीत. दोनशे प्रश्न आणि दोनशे वेगळे विषय दिसले तर समजा कोणीतरी भरणा केलाय. पाच प्रश्न एकाच विषयावर, प्रत्येक आधीच्या उत्तरातली फट पकडून विचारलेला, असा खासदार दिसला तर त्याला पत्र लिहून शाबासकी द्या, खरंच सांगतो, अशी पत्रं ऑफिसात फार कमी येतात.

प्रश्न: गोंधळ, घोषणा, वॉकआउट हेच चालू असतं. आमच्या टॅक्सचे पैसे वाया जातात असं नाही वाटत तुम्हाला?
(एक निवृत्त शिक्षिका)

वाटतं, बाई. आणि त्यात जास्त नुकसान विरोधकांचंच होतं हे मी कोणालाही तोंडावर सांगेन. लोकसभेत सकाळी 11 ते 12 प्रश्नांचा तास, तोच गोंधळात गेला की मंत्र्याची सुटका. लेखी उत्तर पटलावर येतं, पण पुरवणी प्रश्न जातो, आणि खरी मजा पुरवणीतच असते कारण तिथे मंत्र्याला चिठ्ठीवर अवलंबून न राहता स्वतः बोलावं लागतं.

पण दुसरी बाजूही आहे. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहं मिळून 146 विरोधी खासदार निलंबित झाले. संसदेत घुसखोरी झाली त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं ही त्यांची मागणी होती. आणि त्यांची बाकं रिकामी असताना भारतीय दंड संहितेच्या जागी येणारे नवे फौजदारी कायदे पास झाले. घोषणा देणं चूक म्हणा, माझीही हरकत नाही, पण एवढे मोठे कायदे विचारणारं कोणी नसताना मंजूर करणं मला त्याहून मोठी चूक वाटते.

हरणार हे माहीत असूनही बोलायचं असतं. 1963 च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर पहिला अविश्वास प्रस्ताव आणला, तो 62 विरुद्ध 347 ने पडला. पण त्याच चर्चेत नुकतेच पोटनिवडणुकीत निवडून आलेले डॉ. लोहिया म्हणाले की देशातले 27 कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारकडून पंधरा आण्यांचा आकडा आला. तीन आणे की पंधरा आणे हा वाद सभागृहाबाहेर घराघरात गेला, गरिबी मोजायची कशी ह्यावर लोक बोलायला लागले. प्रस्ताव किती मतांनी पडला ते आज कोणाच्या लक्षात नाही, तीन आणे आहेत.

प्रश्न: सत्ताधारी खासदार असे अडचणीचे प्रश्न विचारू शकत नाही का?
(एक कॉलेज विद्यार्थी)

विचारू शकतो, आणि विचारलेही आहेत. फिरोज गांधी काँग्रेसचे खासदार, सासरे पंतप्रधान. 1957 मध्ये त्यांनी लोकसभेत एलआयसीचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांमध्ये कसे गेले ते धसास लावलं. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी मुंबईत खुली झाली, लोक ऐकायला गर्दी करायचे, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना जावं लागलं. आज पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदान कसं करायचं त्याचा आदेश, आणि पुढच्या तिकिटाची भीती एवढी आहे की असं अवघड झालंय, त्यामुळे ते ओझं जवळजवळ सगळं विरोधी बाकांवर येऊन पडतं.

तुझ्या गावचा काही विषय असेल तर खासदाराच्या ऑफिसला नुसती तक्रार पाठवू नकोस. ग्रामसभेचा ठराव, माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर, नळाचा तारखेसकट फोटो, असं जोडून अधिवेशनाच्या महिनाभर आधी पाठव. मसुदा लिहिणारा पोरगा तुझ्याच वयाचा असेल, त्याला हातात धरायला एक कागद लागतो.