१६०२ वर दोन स्टेशनं एकत्र का बोलतात?

वाचकांचे प्रश्न : रेडिओ-श्रवण

या वेळी निवडलेल्या पत्रांत शंका एकच आहे : जे कानावर पडलं ते नक्की आलं कुठून? लांबून, शेजारून की सेटच्याच पोटातून? उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

रात्री मीडियम वेव्हच्या अगदी टोकाला, १६०२ किलोहर्ट्‌झवर, मराठी बातम्या आणि त्यांच्या मागे दुसराच कार्यक्रम असं एकदम ऐकू येतं. जवळपास कोणी चोरून स्टेशन चालवतंय का? सेट जुना आहे. गच्चीवरून आणलेली २० मीटर तार मागच्या अँटेनाच्या स्क्रूला जोडली आहे. — वाचक, घोडबंदर रोड

चोर असलाच तर तो तुमच्या सेटमध्ये बसला आहे. मुंबई आकाशवाणीच्या मीडियम वेव्हच्या फ्रिक्वेन्सींपैकी दोन म्हणजे ५५८ आणि १०४४. बेरीज करून पाहा, १६०२ येते. ट्रान्समीटर मालाडला, म्हणजे तुमच्यापासून डोंगरापलीकडे. तेवढ्या जवळून २० मीटर तारेत उतरलेला जोर सेटच्या पहिल्या ट्रान्झिस्टरला झेपत नाही. दोन्ही सिग्नल तिथेच एकमेकांत मिसळतात आणि बेरजेच्या, वजाबाकीच्या, दुपटीच्या जागी नवी ‘स्टेशनं’ उगवतात. आपल्याकडे मीडियम वेव्हची प्रत्येक फ्रिक्वेन्सी ९ च्या पटीत असते, त्यामुळे ही बेरीजही नेमकी एखाद्या जागेवरच पडते आणि अगदी अधिकृत वाटते. ५५८ ची दुप्पट १११६, तिथेही कान लावून बघा.

खात्री करायची तर दोन सेट घ्या. एक १६०२ वर, दुसरा आळीपाळीने ५५८ आणि १०४४ वर. शब्द जुळले की निम्मं काम झालं. मग तार काढून तिच्या जागी दोन मीटरचा तुकडा लावा, किंवा तार आणि स्क्रू यांच्यामध्ये १ किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल (पॉट) टाकून जोर कमी करत जा. खरं स्टेशन जोर कमी केला तेवढंच मंदावतं. मिश्रण त्याच्या दुपटीने पडतं : मूळ सिग्नल १० डेसिबलने उतरवले तर ते २० ने उतरतं. थोडासा पॉट फिरवल्यावर १६०२ गायब आणि १०४४ मात्र खणखणीत, असं झालं की निकाल लागला.

एक अडचण मात्र येते. कधीकधी मिश्रण सेटच्या बाहेरच होतं : गंजलेली ग्रिल, गच्चीवरच्या जुन्या डिशचा स्टँड, पत्र्याच्या शेडचे नटबोल्ट. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि मिसळलेला सिग्नल पुन्हा हवेत सोडतो. तेव्हा पॉट फिरवून काही कळत नाही, कारण मिश्रण आयतंच तारेवर आलेलं असतं. बॅटरीवरचा सेट घेऊन इमारतीपासून शंभरेक पावलं लांब जा. तिथे १६०२ मेलं तर दोष इमारतीचा. तिथेही टिकलं, आणि शब्द मुंबईच्या कार्यक्रमाशी जुळत नसले, तर रात्रीच्या वेळी ते खरोखर दूरचं केंद्र असू शकतं.

शॉर्टवेव्हवर जुने सेट आणखी एक फसवणूक करतात. त्यांची इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सी (आलेला प्रत्येक सिग्नल सेट आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) ४५५ किलोहर्ट्‌झ असते, त्यामुळे जोरदार स्टेशन आपल्या खऱ्या जागेपासून खाली मोजून, त्याच्या दुपटीच्या अंतरावर म्हणजे ९१० किलोहर्ट्‌झवर पुन्हा भेटतं. ९,८०० चं स्टेशन ८,८९० वर ऐकू येईल. जिथे कोणी असायला नको तिथे कोणी बोलत असेल, तर आधी त्यात ९१० मिळवून तिकडे ऐका.

फ्लॅट नवव्या मजल्यावर. नवा डिजिटल सेट घेतला, पण शॉर्टवेव्हवर सगळीकडे नुसती घरघर. सेट खराब आहे का? — वाचक, कोपरखैरणे

सेट बहुधा ठीक आहे, घर गोंगाट करतंय. सेटचा अडॅप्टर काढा, बॅटरीवर चालवा, ७,३०० च्या आसपास एखादी रिकामी जागा लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. घरघर लगेच बसली तर गुन्हेगार तुमच्याच घरात आहे. आता एकेक एमसीबी वर करा आणि कोणत्या सर्किटवर आवाज परततो ते बघा, मग त्या सर्किटवरची एकेक वस्तू. स्वस्त एलईडी बल्बचा ड्रायव्हर बँडभर सलग फरफर करतो. वायफायचा आणि मोबाइलचा अडॅप्टर ठरावीक अंतराने गुणगुणणारे ठिपके उमटवतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मीडियम वेव्हवर जाड गुर्रर्र काढतो आणि पंखा पूर्ण वेगावर टाकला की बऱ्याचदा गप्प होतो, कारण तेव्हा ट्रायॅकला (विजेची लाट कापून वेग कमी करणाऱ्या त्यातल्या भागाला) काही कापायचं नसतं. त्याच्या जागी कपॅसिटरचा स्टेपवाला रेग्युलेटर बसवा, प्रश्न कायमचा मिटतो. लिफ्ट हलताना सुरू होऊन ती थांबली की थांबणारा आवाज मोटरच्या ड्राइव्हचा. त्यावर तुमचा इलाज नाही, सोसायटीच्या सभेत विषय काढून तर अजिबातच नाही.

मेन बंद करूनही घरघर तशीच राहिली तर ती बाहेरची. अशा वेळी अँटेना घरातल्या वायरिंगपासून दूर न्यायची. बहुतेक बाल्कन्यांना कबुतरांची नायलॉनची जाळी असतेच. ०.७५ चौरस मिलिमीटरची पीव्हीसी वायर, साधारण १० मीटर, जाळीच्या वरच्या कडेने ओवत न्या आणि उरलेली एका बाजूने खाली सोडा. कोणाच्या डोळ्यावर येत नाही. लोखंडी ग्रिलपासून निदान फूटभर लांब ठेवा, नाहीतर ग्रिलच सिग्नल खाते.

तार सरळ सेटला लावू नका. एफटी१४०-४३ या फेराइट रिंगवर दोन वेगळी वाइंडिंग घाला : तारेकडे १५ वेढे, केबलकडे ५. वेढ्यांचं प्रमाण ३ ला १, म्हणजे इम्पीडन्सचं (सिग्नलला होणाऱ्या अडथळ्याचं) ९ ला १. पंधरा वेढ्यांचं एक टोक तारेला, दुसरं बाल्कनीच्या जमिनीलगत टाकलेल्या ५ मीटर वायरला. ही वायर अर्थिंगचं काम करते. प्लगच्या अर्थला जोडलंत तर घरभरची घरघर पाहुण्यासारखी आत येईल. पाच वेढ्यांपासून सेटपर्यंत आरजी-५८ ही तांब्याच्या जाळीचं वेष्टण असलेली केबल, आणि ती सेटजवळ एफटी२४०-३१ रिंगमधून दहा वेळा ओवून घ्या. केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून घरातला गोंगाट अँटेनापर्यंत चढतो, तो इथे अडतो. अनेक जण ट्रान्सफॉर्मर बनवतात आणि ही रिंग वगळतात, मग अँटेनाला नावं ठेवतात. दोन्ही रिंगा लॅमिंग्टन रोडला विचारा. नंबर सांगितल्याशिवाय घेऊ नका, कारण रंगवलेल्या रिंगा दिसायला सारख्याच असतात आणि पॉवर सप्लायची पिवळी रिंग इथे निरुपयोगी आहे.

बाहेरचा सांधा डाखला की त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप लावा. खाडीच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की केबल सेटमधून काढून टाका.

मीडियम वेव्हसाठी लूप, म्हणजे चौकटीवर तार गुंडाळलेला अँटेना, करायचा आहे. मापं द्याल का? — वाचक, कळवा

८५ सेंटिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या फुलीसारख्या जोडा, म्हणजे ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन मिळतो. टोकांना करवतीने ३ मिलिमीटर अंतरावर खाचा पाडा आणि १२ वेढे घाला. तार सुमारे ३० मीटर लागते. दोन्ही टोकं ३६५ पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरच्या (ट्यूनिंगच्या, फिरवायच्या कंडेन्सरच्या) एका भागाला जोडा. हिशेबाने इंडक्टन्स २४० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो आणि ५३१ ते १६०२ हा पट्टा जेमतेम बसतो. वरचं टोक जुळत नसेल तर एक वेढा काढा. खालचं जुळत नसेल तर गँगचा दुसरा भाग समांतर जोडा.

सेटला कोणतीही वायर लावायची नाही. फेराइट रॉड बहुतेक सेटांत वरच्या कडेला आडवा असतो. तो चौकटीच्या पातळीला काटकोनात, आरपार जाईल असा सेट मधोमध ठेवा. सेट ७९२ वर लावून गँग अगदी हळू फिरवा. एका बिंदूवर आवाज उसळी घेतो आणि केसभर पुढे गेलं की हरवतो. नॉब प्लॅस्टिकचा हवा, नाहीतर हात लागताच ट्यूनिंग सरकतं. ७९२ म्हणजे पुणे : भर दुपारी ते खरखरीविना आलं तर तुमची मांडणी चांगली आहे असं समजा. अंधार पडल्यावर ८८२ वर श्रीलंकेतल्या पुत्तलमचा प्रयत्न करा. दिवसा आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) डी थर मीडियम वेव्ह गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि वरच्या थरावरून परावर्तन सुरू होतं, म्हणून लांबचं सगळं रात्रीच.

त्रास देणारं स्थानिक स्टेशन मारायचं तर चौकटीचा चेहरा बरोबर त्याच्याकडे करा. लूप कडेच्या दिशेने ऐकतो, समोरच्या बाजूला बहिरा असतो.

एप्रिलमध्ये रात्री दहानंतर एफएमवर अरबी बोलणं ऐकू आलं. हे शक्य आहे का? — वाचक, नेरूळ

शक्य आहे आणि अरबी समुद्र यासाठी प्रसिद्ध आहे. अरबस्तानाकडून येणारी कोरडी, उष्ण हवा समुद्रावरच्या दमट हवेच्या थरावर पसरते. या दोहोंच्या सीमेवर रेडिओलहरी खाली वाकत राहतात आणि क्षितिजापलीकडे निघून जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्‌झच्या रडारवर १,७०० मैलांवरच्या अरबस्तानातले प्रतिध्वनी उमटल्याची नोंद रडारशास्त्रात नेहमी दिली जाते. मस्कत तर त्याहून पुष्कळ जवळ, साधारण १,५५० किलोमीटर. हंगामाचा जोर मार्च ते मे. नैऋत्य मोसमी वारे स्थिरावले की हवेचे थर ढवळले जातात आणि खेळ संपतो.

मे ते जुलै दरम्यान स्पोरॅडिक-ई नावाचा, आयनोस्फिअरच्या ई थरातून परावर्तनाचा, दुसरा प्रकारही होतो. त्यात स्टेशन अचानक जोरात येतं आणि काही मिनिटांत विझतं. समुद्री मार्गाचं तासन्‌तास टिकतं आणि संथपणे वर-खाली होतं. खात्रीसाठी त्या स्टेशनचं इंटरनेटवरचं प्रसारण लावा. ते काही सेकंद, कधी मिनिटभर मागे असतं, तेव्हा तेच वाक्य थोड्या वेळाने पुन्हा ऐकू आलं पाहिजे. अँटेना साधा डायपोल पुरे : ७५ सेंटिमीटरच्या दोन काड्या, मध्ये केबल, पश्चिमेच्या खिडकीत. वरच्या मजल्याचा फायदा मोठा. ठाण्यात येऊरच्या डोंगराआड राहणाऱ्यांनी फार आशा धरू नये.

उलट ९०.४, ९०.८, ९१.२ किंवा १०७.८ वर अंधूक मराठी-हिंदी ऐकू आलं तर ते बहुधा परवानाधारक सामुदायिक केंद्र. त्यांची अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती सहसा १०० वॅटपर्यंतच असते, म्हणून नवी मुंबईतल्या दोन नोडपलीकडे (उपनगरांपलीकडे) ती चोरट्यासारखी कुजबुजतात.

शॉर्टवेव्ह केंद्रांच्या वेळापत्रकातल्या वेळा जुळत नाहीत. — वाचक, वाशी

त्या यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा आणि तारीखही तपासा : रविवारी पहाटेचे तीन म्हणजे तिकडे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ. शिवाय शॉर्टवेव्हच्या फ्रिक्वेन्सी मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.

युरोपातली विनापरवाना स्टेशनं इथून मिळतील का? आणि गणपतीत आमच्या सोसायटीपुरतं एफएम किट लावलं तर? — वाचक, खारघर

पहिल्याचं उत्तर : मिळू शकतात, पण चिकाटी लागते. त्यांचा अड्डा म्हणजे ६,२०० ते ६,४०० किलोहर्ट्‌झ, तोही मुख्यतः शनिवार-रविवार. शक्ती बऱ्याचदा काही दहा ते काही शे वॅट. आपल्याकडे हिवाळ्यात, रविवारी पहाटे साडेतीन ते सूर्योदय, जेव्हा दोन्हीकडे आणि वाटेतही अंधार असतो. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून चालवता येणारा रेडिओ सेट) उघडून आत्ता कोण चालू आहे ते आधी बघून घ्या. मग आपला सेट यूएसबी (अपर साइडबँड) मोडवर टाकून त्या फ्रिक्वेन्सीच्या १ किलोहर्ट्‌झ खाली लावा. स्टेशनची कॅरिअर (ज्यावर आवाज चढवतात ती मूळ लहर) पोहोचत असेल तर १,००० हर्ट्‌झची बारीक शिट्टी ऐकू येईल, बोलणं कळो वा न कळो. तिथला ट्रान्समीटर बंद झाला की इथली शिट्टीही त्याच क्षणी थांबली पाहिजे, वेबएसडीआरचा काही सेकंदांचा उशीर सोडून. तसं झालं नाही तर ती शिट्टी तुमच्याच अडॅप्टरची.

विनापरवाना प्रसारणाचं सर्वांत मोठं नाव मात्र मुंबईचंच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर होता, म्हणजे सुमारे ७,०८० किलोहर्ट्‌झ. जागा सतत बदलूनही शोधक गाड्यांनी माग काढला आणि १२ नोव्हेंबरला तो पकडला गेला. आज ती फ्रिक्वेन्सी हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या ४० मीटर बँडमध्ये येते. तिथे एलएसबी (लोअर साइडबँड) मोडवर सकाळी देशभरातल्या गप्पा ऐका, त्याला परवाना लागत नाही. पोलीस किंवा विमानतळाचं बोलणं मात्र जनतेसाठी केलेलं प्रसारण नव्हे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्याचं उत्तर : नको. एफएमवर परवानगीशिवाय प्रसारण बेकायदेशीर आहे, सोसायटीपुरतं असलं तरी. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातलं मन्सूरपूरचं गावकऱ्यांचं लाडकं केंद्रही २००६ मध्ये बंद करावं लागलं. तांत्रिक कारण त्याहून ठोस आहे. स्वस्त किटमध्ये फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा क्रिस्टल नसतो, ट्रान्झिस्टर तापला की फ्रिक्वेन्सी सरकते. एफएम पट्टा १०८ मेगाहर्ट्‌झला संपतो आणि लगेच वर विमानांना धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारे संकेत सुरू होतात. खारघरमध्ये, नव्या विमानतळाच्या इतक्या जवळ, १०७ वर लावलेलं किट दुपारच्या उन्हात वर सरकलं तर तक्रार सोसायटीच्या कमिटीकडे येणार नाही, थेट सरकारी मोजणी-पथक येईल. मंडपातल्या ॲम्प्लिफायरपासून प्रत्येक विंगच्या लॉबीपर्यंत १०० व्होल्टची स्पीकर-लाइन ओढा. प्रत्येक स्पीकरला लाइन-ट्रान्सफॉर्मर लावला की दोनशे मीटरवरही आवाज पडत नाही.