पहिलं एअर पिस्तूल घेताना

घाई करू नकोस, काही महिने शूटिंग रेंजवरचंच वापर. मॉरिनी, स्टायर, वॉल्थर, या सगळ्या कंपन्यांची पिस्तुलं चांगलीच आहेत. खरा प्रश्न मुठीचा, म्हणजे पिस्तूल धरायच्या लाकडी दांड्याचा. पिस्तूल नेहमीसारखं धर, डोळे मिट, हात उचल, मग डोळे उघड. पुढची साइट (नळीच्या टोकाशी नेमासाठी असलेला उंचवटा) मागच्या खाचेत मधोमध दिसली तर मूठ तुझ्या हाताची. बाजूला सरकलेली दिसली तर मनगट वळवून जुळवत बसू नकोस, दुसऱ्या मापाची मूठ माग किंवा लाकूड घासून घे. यात कंजूषी नको, बाकी सगळं नंतर बदलता येतं.

वजन नियमाने दीड किलोपर्यंत चालतं, पण स्पर्धेत ६० शॉट मारायचे आहेत, खांद्याचा विचार कर. ट्रिगर दाबायला लागणारा जोर ५०० ग्रॅमच्या किंचित वरच ठेव.

जुनं घेणार असशील तर आधी पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघ. मुदत साधारण १० वर्षांची असते.

आणि आपल्या ठाण्याचा पावसाळा! खाडीकडच्या दमट हवेत पिस्तुलाच्या केसमधला (पेटीतला) फोम ओल धरतो आणि स्क्रूंवर तांबूस ठिपके येतात. सराव झाला की कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरव, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाक.