पॉइंट द्या, पण कशाचे ते आधी ठरवा

ताई, इंदूरच्या तुमच्या नर्सिंग कॉलेजात सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा तातडीचा उपचार) शिकवताना पॉइंट, बॅज आणि भिंतीवर क्रमवारीचा तक्ता आणायचं चाललंय, ते करावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. फक्त पॉइंट कशाला मिळणार ते नीट ठरवा, कारण मुली नेमकं तेवढंच शिकतात.

'एका मिनिटात जास्त दाब कोण देतं' अशी शर्यत लावलीत, तर वेग मिनिटाला 120 च्या पुढे जातो, दाबाची खोली घटते आणि छाती पुरती वर येत नाही. छाती वर आली नाही की हृदयात रक्त भरत नाही. म्हणून पॉइंट द्यायचे ते वेग 100 ते 120, प्रौढात खोली 5 ते 6 सेंटिमीटर, दर दाबानंतर छाती पूर्ण सुटलेली, आणि दोन श्वास देण्यासाठी थांबणं 10 सेकंदांच्या आत, याला. दाबाची खोली दाखवणारा सरावाचा पुतळा महाग पडतो. तो नसेल तर मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या तालात टिकटिक करणारं ॲप, मिनिटाला 110 वर लावा. जोडीदारणीने हात आणि घड्याळ बघायचं, 2 मिनिटांनी अदलाबदल. वॉर्डातही दमणूक होते म्हणून 2 मिनिटांनीच माणूस बदलतात. खेळाचा नियम आणि कामाचा नियम असा एक असला की मग मला तो खेळ आवडतो.

तक्ता एकेकीचा नको. वरच्या तिघींत चुरस राहते, खालच्या नाद सोडतात, आणि आपल्याला काळजी त्यांचीच असते. चौघींचे गट करा, मागच्या वेळेपेक्षा किती सुधारणा झाली त्याचे पॉइंट द्या. मग कच्ची मुलगीच गटाला सगळ्यात जास्त मिळवून देऊ शकते. आपलं इंदूर 2017 साली स्वच्छतेत पहिलं आलं, त्यामागे घरोघरी फिरणारी कचरागाडी होती. नुसत्या क्रमवारीने रस्ते झाडले गेले नसते.

पॉइंट पुढे वॉर्डातल्या कामालाही लावलेत, तर औषध देताना चूक झाल्याची नोंद करणारीचे पॉइंट मात्र कधीही कापू नका. चुका लपतील, आणि लपलेली चूक रुग्णाला भोवते.

आणखी एक, सीपीआरचा हात काही महिन्यांतच उतरतो. तेव्हा बॅजला तीन महिन्यांची मुदत ठेवा, नंतर तो पुन्हा मिळवायचा. मधे दर महिन्याला दहा मिनिटांचा सराव पुरतो, पण त्यासाठी पुतळा कपाटात कुलूपबंद नको, मुलींना येता-जाता हाताशी हवा.